उशिरा आलेला माणूस

सहा ऑगस्टच्या संध्याकाळी फ्रीडम पार्कात पद्माकरच्या हातात माइक आला, तेव्हा त्याची बायको प्रतिमा पिशवीतून मेणबत्त्या काढत होती. तो भाषणासाठी आलाच नव्हता. आभाळ भरून आलं म्हणून बायकोची छत्री घेऊन बनशंकरीहून आला होता, इतकंच. हिरोशिमाला ऐंशी वर्षं होत होती, त्यामुळे दरवर्षीच्या वीस-पंचवीस माणसांऐवजी साठेक जण जमले होते. ठरलेले वक्ते बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडले होते. वेळ कसा काढायचा या विवंचनेत कार्यक्रम सांभाळणाऱ्या गुरुप्रसादने समोर छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "सर, तुम्ही दोन शब्द बोलता का?"

प्रतिमाला हसूच आलं. हा आता काहीतरी कुचकट विनोद करणार, असं तिला वाटलं.

तसं वाटायला कारण होतं. सत्तावीस वर्षं ती हा दिवस पाळत आली होती आणि सत्तावीस वर्षं त्याने तिची थट्टा केली होती. पद्माकर संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या मार्गाची गणितं करायचा. अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले, त्या संध्याकाळी कॉलनीत पेढे वाटले गेले. पद्माकरचा मित्र प्राणेश पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात आला, तर प्रतिमा म्हणाली, "मला नको." मिरजेहून नवऱ्यामागे बंगळूरला आलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई ती. दारात आलेल्या माणसाच्या हातचं गोड तिने त्याआधी कधी नाकारलं नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टात टाउन हॉलच्या पायऱ्यांवर हातात पाटी घेऊन ती उभी राहिली. 'अण्वस्त्रं नकोत, कुणाचीच नकोत', मराठीत तिने लिहिलेलं आणि कन्नडमध्ये कौशल्याक्काने. कौशल्याक्का बसवनगुडीच्या एका शाळेची हेडमास्तरीण. शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरात राहिलेलं तिचं घराणं, आणि तिची मराठी निम्मी कन्नडच. त्या दिवशी पायऱ्यांवर दोघी, आणि तिसरा एक पेन्शनर.

त्यातून अण्वस्त्रमुक्ती मंच उभा राहिला. प्रतिमा सचिव झाली. पत्रकं लिहायची, छापून आणायची, शाळांतून वक्ते पाठवायचे, खासदारांना पत्रं धाडायची, न आलेल्या उत्तरांची आठवण करून द्यायची. जगातल्या सव्वाशे देशांनी मिळून अण्वस्त्रबंदीचा करार केला, तेव्हा त्याचा कन्नड अनुवाद करून घेऊन तिने तो शंभर शाळांना पोस्टाने पाठवला. पद्माकरने कधी अडवलं नाही. फक्त रात्री जेवताना विचारायचा, "काय, आज किती बॉम्ब वितळले मेणबत्तीवर?" आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचा.

आणि आता हाच माणूस माइक हातात घेऊन उभा होता. छत्री त्याने काखेत धरली. मग म्हणाला, "तीस वर्षं माझं काम वेळ मोजण्याचं होतं. इथून सुटलेलं तिथे किती मिनिटांत पोचतं. आम्हाला मिनिटं कमी करायची होती. कमी झाली की आम्ही पार्टी करायचो."

कुणीतरी हसलं. तो हसला नाही.

"या मे महिन्यात चार दिवस दोन्हीकडून मारा चालू होता, तेव्हा मी घरी लाइटबिलाच्या मागे तेच गणित पुन्हा मांडलं. पण या वेळी उलटं. पडद्यावर ठिपका दिसला. तो खरा की यंत्राची चूक, हे ठरवायला माणसाला किती वेळ मिळतो? चहा उकळायला लागतो तेवढाही नाही. तो वेळ कमी करणाऱ्यांत मी होतो. माझी बायको इतकी वर्षं काय म्हणत होती, ते मला त्या बिलाच्या मागे कळलं. मला उशीर झाला."

कौशल्याक्काने डोळ्यांना पदर लावला. प्रतिमाच्या हातातली मेणबत्त्यांची पुडी तशीच राहिली. त्या घटकेला तिला झाला तो निव्वळ आनंद होता, हे नंतर ती स्वतःलाच वारंवार बजावायची. कारण तो आनंद फार टिकला नाही.

गुरुप्रसादने सगळं मोबाइलवर टिपलं होतं. तिशी उलटलेला, संगणकाच्या कंपनीत काम करणारा हा माणूस मंचातला सगळ्यात तरुण. चार दिवसांत तो व्हिडिओ अकरा लाख लोकांनी पाहिला. 'क्षेपणास्त्रांचा शास्त्रज्ञ म्हणतो, मला उशीर झाला.' फोन सुरू झाले. पहिला वार्ताहर घरी आला तेव्हा प्रतिमाने हौसेने पोहे केले, जुन्या फाइली काढून ठेवल्या, टाउन हॉलचे फोटो मांडले. वार्ताहराने फाइलींकडे पाहिलं, "वा, छान," म्हणाला आणि दीड तास पद्माकरशी बोलला. रविवारी फोटो छापून आला. खाली ओळ होती : 'पत्नी प्रतिमा यांच्यासह'.

"पत्नी यांच्यासह," ती वाचून म्हणाली. "म्हणजे मी काय छत्री आहे?"

"अगं, पेपरवाले कसे असतात तुला माहीत आहे ना," पद्माकर म्हणाला. त्याने कात्रण कापून, तारीख घालून ठेवलं. सत्तावीस वर्षांत तिच्या एकाही पत्रकावर त्याने तारीख घातली नव्हती.

मग बैठका बदलल्या. बसवनगुडीला कौशल्याक्काच्या हॉलमध्ये दर महिन्याला आठ-नऊ जण यायचे, ते आता तीस यायला लागले. भिंतीलगतची हाताची खुर्ची आपोआप पद्माकरसाठी मोकळी राहू लागली. कुणी ठरवलं नव्हतं. लोकच सरकून बसायचे. प्रश्न आला की माना त्याच्याकडे वळत. एकदा एका नव्या मुलीने विचारलं, करारात पडताळणीची काय सोय आहे? ते कलम प्रतिमाला तोंडपाठ होतं. ती बोलायला लागली, तेवढ्यात पद्माकर म्हणाला, "सोप्या शब्दांत सांगायचं तर…" आणि त्याने सांगितलं. चुकीचं नव्हतं. तिनेच आदल्या आठवड्यात त्याला समजावलं होतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे कौशल्याक्का कॉफी गाळत होती.

"काय ग, तोंड का असं?"

"काही नाही. आयत्या बिळावर नागोबा, एवढंच."

"अय्यो, नवरा आहे ग तुझा तो! तूच देवाला सांगत होतीस ना, याला बुद्धी दे म्हणून? दिली त्याने."

"दिली. पण जरा जास्तच दिली."

कौशल्याक्का हसली. प्रतिमाही हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच होतं. तिला स्वतःची लाज वाटायची. जगातले बॉम्ब जावेत म्हणून झटणारी बाई आपण, आणि नवऱ्याला टाळ्या किती पडल्या हे कान देऊन ऐकतो. लाज वाटायची, पण कान काही बंद व्हायचे नाहीत. घरी तो अंघोळीला गेला की ती त्याचा फोन उचलून बघायची, कुणाकुणाचे निरोप आलेत. 'सर, तुम्ही आमचे डोळे उघडलेत.' तिने हजार मुलांना प्रमेयं शिकवली होती, चार शहरांत सभा भरवल्या होत्या. तिने डोळे उघडल्याचं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

जानेवारीत इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने पद्माकरला बोलावलं. पिवळी मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे दोघं आरामात गेले. सभागृह गच्च भरलं होतं. प्रतिमा दुसऱ्या रांगेत बसली. त्याने मिनिटांचं गणित सांगितलं, लाइटबिल सांगितलं. मग थोडा थांबून म्हणाला, "नव्व्याण्णव सालची गोष्ट सांगतो. हिरोशिमातून वाचलेल्या ओकाबेबाई बंगळूरला आल्या होत्या. आमच्या घरी उतरल्या होत्या."

प्रतिमा ताठ झाली.

"एप्रिलचा उन्हाळा. मी त्यांच्यापुढे पाण्याचं फुलपात्र ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ प्यायल्याच नाहीत. मग सांगायला लागल्या. त्या बारा वर्षांच्या होत्या. भाजलेली धाकटी बहीण पाणी मागत होती. मोठी माणसं ओरडत होती, भाजलेल्याला पाणी देऊ नका, मरेल. त्यांनी ऐकलं, दिलं नाही. बहीण संध्याकाळी गेली. तहानलेली गेली. त्या मला म्हणाल्या, मी आज्ञाधारक मुलगी होते."

पुढच्या रांगेतल्या दोन मुली रडत होत्या. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

प्रतिमाने टाळ्या वाजवल्या नाहीत. फुलपात्र तिने ठेवलं होतं. ते वाक्य तिने ऐकलं होतं. ओकाबेबाईंचा हात तिने धरला होता, दुभाषी मुलगीसुद्धा रडायला लागली म्हणून. पद्माकर त्या महिन्यात घरी नव्हताच. तो चाचणीसाठी ओडिशाला होता. तो परत आल्यावर तिने त्याला हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, आणि तो पेपर वाचत "हं, हं" म्हणत होता.

परतीच्या मेट्रोत त्याने विचारलं, "बरं झालं ना?"

"छान झालं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिथेच भांडली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिला भांडावंसं वाटलं नाही. इतकं मोठं दुखणं बोलून लहान करावंसं वाटत नव्हतं तिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मंचाच्या पत्त्यावर ईमेल आलं. ती पेटी प्रतिमाच बघायची. एप्रिलमध्ये जिनिव्हाला जगभरच्या अण्वस्त्रविरोधी संघटनांची परिषद होती. भारतातून एकच वक्ता बोलवायचा होता, जाण्यायेण्याची सोय तेच करणार होते. नाव पद्माकरचं. 'कृपया त्यांच्यापर्यंत हे निमंत्रण पोचवावे. दहा दिवसांत उत्तर अपेक्षित.'

सकाळचे अकरा वाजले होते. पद्माकर बँकेत गेला होता. प्रतिमाने ते पत्र तीनदा वाचलं. या लोकांना ती स्वतः चौदा वर्षं पत्रं लिहीत होती. दरवर्षी अहवाल, दरवर्षी फोटो. त्यांच्याकडून 'आपल्या कार्याबद्दल आभार' यापलीकडे कधी ओळ आली नव्हती. तिने उत्तराची चौकट उघडली आणि एका दमात लिहिलं : 'श्री. पद्माकर यांची प्रकृती सध्या ठीक नसते. डॉक्टरांनी लांबचा प्रवास करू नये असं सांगितलं आहे. क्षमस्व. प्रतिमा, सचिव.'

पाठवलं. मग उठून कुकर लावला.

मनात एक कोपरा होता, तो तिने स्वतःपासूनही लपवला होता. ते विचारतील, मग तुम्ही याल का? तुम्हीच तर सुरुवात केलीत. चौथ्या दिवशी उत्तर आलं. वाईट वाटलं, लवकर बरे होवोत. सूचना होती ती एवढीच : 'संरक्षण क्षेत्रात काम केलेली दुसरी कुणी व्यक्ती तुमच्या परिचयात आहे का? नसल्यास आम्ही ही जागा अन्य देशाला देऊ.'

तिने ते पत्र बंद केलं. त्यांना बॉम्बच्या विरोधातली बाई नकोच होती, बॉम्बच्या बाजूने राहून परत आलेला माणूस हवा होता. जन्मभर सरळ चाललेल्याला कोण विचारतं? त्या दिवशी तिने पद्माकरच्या ताटात भाजी वाढताना पातेलं आपटलं. तो म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "हात घसरला."

पुढचे दहा-बारा दिवस ती त्याच्यावर पाळत ठेवल्यासारखी वागत होती. त्याला कुठून कळेल का, ही धास्ती. त्यातून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तो सकाळी फिरायला जायचा तो आता पाचलाच निघायचा. पूर्वी सहाला प्राणेश खालून हाक मारायचा, मग प्रयोगशाळेतले चार-पाच जुने मित्र मिळून उद्यानात चकरा मारायचे, नंतर कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्याउभ्या कॉफी. तीस वर्षांचा शिरस्ता.

"प्राणेश दिसले नाहीत बरेच दिवसांत," ती म्हणाली.

"त्याचा गुडघा दुखतोय."

"आणि बाकीचे?"

"येतात की."

त्या शनिवारी दूध आणायला गेली असताना ती मुद्दाम उद्यानावरून आली. साडेसहा झाले होते. प्राणेश बाकावर बसून चांगला हसत-खिदळत होता, गुडघ्याला काही झालेलं दिसत नव्हतं. बरोबर तेच जुने चौघं. पद्माकरची फेरी संपत आली होती. घराकडच्या फाटकाला त्यांच्या पुढूनच वाट होती. तो जवळ आला तसं बाकावरचं बोलणं थांबलं. पद्माकरने हात वर केला. चौघांपैकी एकानेही मान वर केली नाही. प्राणेश उठला, बाकीचे उठले, आणि सगळे पाठ फिरवून दुसऱ्या फाटकाकडे निघाले. एकजण मोठ्याने, ऐकू जाईल असा, म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारे!"

पद्माकरचा हात खाली आला. तो त्याच बाकावर बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याला घाई नव्हती. हे रोजचंच असणार.

प्रतिमा दुधाची पिशवी घेऊन कुंपणापाशी उभी होती. टाळ्या, खुर्ची, पेपरातला फोटो, सगळं तिने मोजलं होतं. हे तिच्या मोजणीत आलंच नव्हतं. तिने पाटी हातात धरली तेव्हा तिचं कोण तुटलं होतं? कौशल्याक्का तर उलट मिळाली होती. याचे तीस वर्षांचे मित्र गेले आणि हा घरी येऊन गुडघेदुखी सांगतो.

ती आत जाऊन त्याच्या शेजारी बसली. तो दचकला.

"तू इथे?"

"प्राणेशचा गुडघा बरा झालेला दिसतोय."

त्याने फाटकाकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"ऑगस्टपासूनच. त्यांच्या ग्रुपमधून काढलं मला. प्राणेश म्हणाला, आमच्या कामावर थुंकलास." तो पायाखालच्या पानांकडे बघत होता. "तुला सांगून काय करायचं. तू आपली आनंदात होतीस."

आनंदात. प्रतिमाने दुधाची पिशवी बाकावर ठेवली. "अहो, मला तुम्हाला काही सांगायचंय. पुरतं ऐका, मध्ये बोलू नका." आणि तिने सांगितलं. जिनिव्हा, निमंत्रण, उत्तर, सगळं. जसं घडलं तसं, शब्द न गाळता.

पद्माकरने सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा आवाज चढला. "तू मला आजारी केलंस?"

"हो."

"मला न विचारता? माझ्या नावाने?"

"हो."

"का?"

"जळत होते म्हणून," ती म्हणाली. "सहा महिने जळतेय. तुम्ही आलात आणि सगळं तुमचं झालं. ओकाबेबाईसुद्धा."

"ओकाबेबाईंचं काय?"

"फुलपात्र मी ठेवलं होतं. तुम्ही घरी नव्हता."

"काहीतरीच! मला चांगलं आठवतंय. त्यांच्या मनगटावर डाग होता. त्यांनी रुमालाची घडी मांडीवर ठेवली होती, निळ्या काठाची."

"तुम्ही ओडिशाला होता. चाचणीला. पूर्ण एप्रिल."

चाचणीची तारीख त्याला ठाऊक होती. त्या तारखेची पार्टी त्याला आठवत होती. तिच्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा उतरला.

"मग मला रुमाल कसा आठवतो?" त्याने हळू विचारलं.

"मी सांगितला. तुम्ही पेपर वाचत होता."

निळा काठ तर ती स्वतः विसरून गेली होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, या माणसाच्या कानांत काही शिरत नाही.

"ती बाई आपल्या घरी बसली होती आणि मी तिकडे…" त्याने वाक्य पुरं केलं नाही. थोड्या वेळाने उठला. "घरी जा तू. मी येतो. आत्ता तुझ्याशी बोललो तर वाईट बोलेन."

तो दुपारी दोनला आला, जेवला, आणि नंतर पाच दिवस कामापुरतंच बोलला. प्रतिमाने त्याच शनिवारी जिनिव्हाला पत्र लिहिलं होतं. 'माझ्या पतींची प्रकृती उत्तम आहे. मी खोटं लिहिलं. कारण मत्सर. याची जबाबदारी फक्त माझी आहे, मंचाची नाही.' इंग्रजीत मत्सराचा शब्द टंकताना तिला वाटलं, परक्या भाषेत हे बोलणं थोडं सोपं जातं. म्हणून तेच पत्र तिने मराठीत लिहून पद्माकरच्या उशाशी ठेवलं.

उत्तर सभ्य होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, परंतु जागा कझाकस्तानातल्या एका बाईंना दिली गेली आहे. मंचाने दोन पानी निवेदन पाठवल्यास ते परिषदेत मांडू.

महिन्याच्या बैठकीत ती उभी राहिली आणि तिने सगळ्यांसमोर सांगितलं. हाताच्या खुर्चीत पद्माकर बसला होता. त्याने तिची बाजूही घेतली नाही आणि तिला तोडलंही नाही. गुरुप्रसादचा चेहरा पडला. "मॅडम, आख्ख्या देशातून एक जागा होती," एवढंच तो म्हणाला. ते तिला शिव्यांपेक्षा लागलं. तिने सचिवपद सोडलं आणि ईमेलचा पासवर्ड त्याच्या हाती दिला. दोन नवे सभासद त्यानंतर यायचे बंद झाले.

कौशल्याक्का तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "मी तुला एक विचारू? इतकी वर्षं झाली, तू स्वतः भाषण का नाही केलंस ग कधी?"

"कुणी म्हटलंच नाही."

"आम्हाला वाटलं तुला नको. सुम्ने, उगीचच, आम्ही वक्ते शोधत हिंडत होतो. तोंड आहे ना तुला? मला बोलायचंय म्हणून सांगायचं. स्वल्प तरी सांगायचं."

वर्गात पंचावन्न मुलांपुढे तास घेताना प्रतिमाला कधी कुणाच्या परवानगीची गरज पडली नव्हती. इथे मात्र ती सत्तावीस वर्षं, कुणीतरी बोलवेल म्हणून मेणबत्त्यांची पिशवी धरून थांबली होती.

निवेदन कुणी लिहायचं यावर बैठकीत चर्चा झाली, आणि ते काम दोघांच्याच गळ्यात पडलं. त्यामुळे पद्माकरला तिच्याशी बोलणं भाग पडलं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर भांडण चाललं. त्याला पहिल्या परिच्छेदात मिनिटं हवी होती, तिला माणसं. त्याने लिहिलेला 'प्रतिरोधक क्षमता' हा शब्द तिने खोडला. तिने लिहिलेलं 'मानवतेवरील कलंक' त्याने खोडलं, म्हणाला, "हे तू दरवर्षी लिहितेस, कुणी वाचत नाही." ती चिडली, मग तिला ते पटलं. तिसऱ्या दिवशी त्याने ओकाबेबाईंचा परिच्छेद तिच्याकडे सरकवला. "हा तूच लिही. मी नव्हतो." चौथ्या दिवशी पहाटे त्याने तिला विचारलं, "फिरायला येतेस?" उद्यानात नको म्हणाला, देवळाच्या बाजूने जाऊ.

एप्रिलमध्ये परिषदेचं प्रक्षेपण त्यांनी कौशल्याक्काच्या हॉलमध्ये लॅपटॉपवर पाहिलं. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. मंचाच्या निवेदनातल्या चार ओळी कुणीतरी घाईघाईने वाचल्या. मग कझाकस्तानातल्या बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या गावापासून जवळच चाळीस वर्षं अणुचाचण्या झाल्या होत्या. शाळेत असताना चाचणीच्या दिवशी शिक्षक त्यांना ओळीने बाहेर नेऊन जमिनीवर पालथं झोपवायचे, आणि आम्हाला ती मधली सुट्टी वाटायची, असं त्या सांगत होत्या. फार चांगलं बोलत होत्या. प्रतिमाच्या मनात जुना, ओळखीचा मत्सर जागा झाला. पण या वेळी तो स्वतःसाठी नव्हता. या जागी आमचा माणूस उभा असायला हवा होता, असं तिला वाटलं. तिने चोरून पद्माकरकडे पाहिलं. तो पुढे वाकून कागदावर भराभर लिहून घेत होता. त्याला जागेचं काही पडलेलं दिसत नव्हतं.

"गावाचं नाव काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. तिने सांगितलं.

निघताना गुरुप्रसादने विचारलं, "गुरुवारी इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या शाळेत नववीच्या वर्गाला कोण जाणार? सर?"

"मी जाते," प्रतिमा म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली, त्यामुळे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

"सरी, जा की," कौशल्याक्का म्हणाली.

गुरुवारी पद्माकर तिच्याबरोबर गेला आणि मागच्या बाकावर, मुलांच्यात, गुडघे दुमडून बसला. प्रतिमाची सुरुवात वाईट झाली. ती कराराच्या कलमांत शिरली, मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. मग तिने खडू उचलला. फळ्यावर आपल्या देशाचा आणि शेजारच्या देशाचा नकाशा ढोबळ काढला, मधलं अंतर लिहिलं, वेग लिहिला आणि म्हणाली, "भागाकार करा. किती मिनिटं येतात?" वह्या उघडल्या. एका मुलीचं उत्तर आधी आलं. तिने ते मोठ्याने सांगितलं आणि मग स्वतःच वर बघून विचारलं, "मिस, एवढ्यात फोन तरी लागेल का?"

प्रतिमा म्हणाली, "तू सांग. कुणाला लावशील?"

त्यानंतर पाऊण तास मुलांनी तिला सोडलं नाही. तास संपल्यावर वर्गशिक्षिका पुढे आल्या, आभार मानले, आणि जराशा संकोचून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं, ते व्हिडिओतले सर येतील."

लागलं. पूर्वी लागायचं तिथेच आणि तेवढंच लागलं. प्रतिमाने हातावरचा खडू झटकला.

"आलेत की," ती म्हणाली. "ते मागे बसलेत. पण आज मी बोलणार होते."

पद्माकर बाकातून उठायची खटपट करत होता आणि दोन मुलं त्याला हात देत होती.